दिवाळं आणि पांढरे हातमोजे

लुवेनिया टिसडेल बाईंना बसलेलं कुणी पाहिलं आहे का, यावर आमच्या गल्लीत दोन तट होते. शाळेच्या स्वयंपाकघरात त्या सकाळपासून उभ्या. घरी आल्या की व्हरांड्यात उभ्या राहून कुंड्यांशी भांडायच्या. नवरा रूफस वारला तेव्हाही भेटायला आलेल्यांना त्यांनी खुर्च्या दिल्या आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या, जणू मयत दुसऱ्याच कुणाच्या घरची होती.

"सिस्टर टिसडेल, बसा की जरा," कुणीतरी म्हणालं.

"मी बसले तर येणाऱ्याला जागा कोण दाखवणार?"

जागा दाखवणं हा त्यांचा खरा पेशा. शाळेतली नोकरी आपली पोटासाठी. आमच्या चर्चच्या दारमंडळाच्या त्या अध्यक्ष होत्या. रविवारी पांढराशुभ्र पोशाख, पांढरे हातमोजे घालून दारात उभं राहायचं, येणाऱ्याला रिकाम्या जागेवर नेऊन बसवायचं, दानाची ताटं फिरवायची, एवढंच काम. पण लुवेनियाबाईंनी त्याचं लष्कर करून टाकलं होतं. दारात बोलायचं नाही. दारात धावायचं नाही. आणि खूण दोनदा करायची नाही. "खूण दोनदा करावी लागली तर दोष बघणाऱ्याच्या डोळ्यांचा," असं त्या दर शनिवारच्या तालमीत माझ्याकडे बघून म्हणायच्या.

आता खुणा कशाला, तर आमच्या पाद्रीबाबांचं प्रवचन रंगात आलं, ऑर्गन घुमू लागला आणि बायका 'आमेन'चा गजर करू लागल्या की शेजारच्याने कानात ओरडलेलंही ऐकू येत नाही. मग पुढच्या रांगेत किती जागा रिकाम्या आहेत ते आतला माणूस दारातल्याला हातांनी कळवतो. पाचापर्यंत उजव्या हाताची बोटं. सहा म्हणजे उजवा पंजा उघडा आणि डाव्या हाताची मूठ छातीशी. सात म्हणजे तसंच, फक्त डावी मूठ उघडायची. दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी ठेवली की जागा नाही, शून्य. या सहा-सातानं माझा जीव खाल्ला. सहा जागांवर सात माणसं पाठवून एकदा मी एका डीकनच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याच्या, बायकोला परक्या गृहस्थाच्या मांडीवर जवळजवळ बसवलंच होतं. तेव्हापासून शनिवारची तालीम संपली की सगळे घरी जात आणि मी एकटा सहा-सात, सहा-सात करत उभा.

"ब्रदर होरेस, मूठ म्हणजे मूठ. त्यात काय लिंबू धरलंय का?"

मंडळात बाईंना शब्दाला शब्द देणारी एकच व्यक्ती होती, ओझेला क्रचर. भाजलेल्या शेंगदाण्यासारखी बुटकी, गोड आणि खारट. ओझेलानं सहा वर्षांपूर्वी 'तेरा' लावला होता. आमच्या मेम्फिसमध्ये 'तेरा लावला' म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. निम्म्या गावानं कधी ना कधी लावलेला असतो. दिवाळखोरीच्या कायद्याचं ते तेरावं प्रकरण. कोर्टात जाऊन सांगायचं की माझं दिवाळं निघालंय, पण पगार चालू आहे. अर्ज दाखल झाला त्या क्षणी सगळ्या वसुलीवाल्यांना हात मागे घ्यावे लागतात. थकलेलं देणं पाच वर्षांत विभागून पगारातून कापतात, आणि घर राहतं. ओझेलाचं घर असंच राहिलं होतं.

पण लुवेनियाबाईंना ते पटलं नव्हतं. "जिचं स्वतःचं दिवाळं निघालंय, तिच्या हातात देवाचं ताट?" असं म्हणून त्यांनी ओझेलाला मुख्य दारावरून काढून मागच्या कोपऱ्यात, हीटरशेजारी उभं केलं होतं. ओझेला हसत गेली. "तिथं ऊब तरी आहे," म्हणाली. पण त्यानंतर ती बाईंना सिस्टर टिसडेल न म्हणता 'मॅडम प्रेसिडेंट' म्हणू लागली, आणि ते अशा सुरात की ऐकणाऱ्याला ठसका लागावा.

आणि इकडे बाईंचं स्वतःचं घर हातचं चाललं होतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं.

रूफसच्या आजारपणात घरावर कर्ज काढलं होतं. पहिली दोन वर्षं हप्ता मऊ होता. मग त्याला एकदम दात फुटले, तो भरमसाट वाढला. हप्ते थकले. बाईंनी कर्जवाल्या कंपनीकडे हप्ता कमी करण्यासाठी अर्ज केला. फोनवरच्या मुलीनं गोड आवाजात सांगितलं, "अर्ज विचारात आहे मॅम, तुम्ही थांबा." आणि त्या थांबल्या. जिनं जन्मभर दारात उभं राहून लोकांना 'थांबा, जागा होतेय' अशी खूण केली, तिला समोरून 'थांबा' म्हटल्यावर जागा होणारच याची खात्री. तिकडे कंपनीचा एक विभाग त्यांना थांबवून ठेवत होता आणि दुसरा विभाग त्याच घराचा लिलाव लावत होता. या विभागाचं त्या विभागाला माहीत नाही. आणि बाईंच्या शिस्तीत असलं दार बसतच नव्हतं, ज्याला दोन माणसं दोन तोंडांनी उभी.

गुरुवारी सकाळी मी गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून बसलो होतो. कुंपणापाशी पावलं वाजली. बघतो तो लुवेनियाबाई, शाळेचा एप्रन अंगात, हातात पर्स. फोन न करता त्या कुणाच्या दारात जात नसत.

"ब्रदर होरेस, ही गाडी चालते का?"

"चालते, फक्त थांबत नाही नीट."

"मग हरकत नाही. आज दुपारी बारा वाजता कोर्टाच्या पायऱ्यांवर माझं घर विकतायत."

मी हातातला पाना खाली ठेवला. बाई उभ्याच होत्या, पाठ ताठ. फक्त पर्सचा बंद दोन्ही हातांनी असा पिळत होत्या, जशी कोंबडीची मान पिळावी.

"काल त्या मुलीनं सांगितलं होतं, विचार चालू आहे. आज दुसरीच बोलली. म्हणे विचार वेगळा, लिलाव वेगळा."

"मग आता?"

"सिस्टर ओझेला घरी असेल का?"

एवढं वाक्य बोलायला त्यांना जी किंमत पडली असेल, ती त्या घराच्या किमतीहून कमी नव्हती.

ओझेला दारात आली तीच डोक्यात कर्लर लावून. तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता सहा वर्षांचा हिशोब होणार.

"मॅडम प्रेसिडेंट," ती म्हणाली, "आंघोळ झालीय का?"

"झालीय."

"मग चला. माझी व्हायचीय, पण कोर्ट वास घेत नाही." आणि कर्लर तसेच ठेवून, त्यावर रुमाल बांधून ती गाडीत बसली.

ओझेलाचा वकील लिप्सकोम म्हणजे एक जाडजूड गोरा म्हातारा. त्याची कचेरी कोर्टाच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे तिसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी त्याचा पाय संधिवातानं सुजलेला, पायात घरच्या सपाता. टेबलापाशी खुर्चीला खिळल्यासारखा बसला होता, आणि त्याची टंकलेखनाची बाई बाळंतपणाच्या रजेवर.

"बारा वाजता?" तो म्हणाला. "आज? मिस ओझेला, तुमच्या ओळखीची माणसं आदल्या दिवशी का येत नाहीत?"

"आदल्या दिवशी आम्हाला लाज वाटत असते," ओझेला म्हणाली. "लाज संपली की येतो. तुम्ही लिहायला घ्या."

त्यानं दोन बोटांनी लिहायला घेतलं. मध्येच मान वर करून म्हणाला, "आणि शिकवणी?"

ही शिकवणी ओझेलाला ठाऊक होती. दिवाळं काढण्याआधी माणसानं पैसा कसा सांभाळावा याचा फोनवर उपदेश ऐकावा लागतो, आणि ऐकल्याचं प्रमाणपत्र असल्याशिवाय अर्ज टिकत नाही. वकिलाचा फोन कंपनीच्या वकिलांना लावलेला, त्यातून नुसतं संगीत वाजत होतं. ओझेलाकडे फोन नाहीच. वसुलीवाल्यांच्या काळात तिनं तो टाकला तो टाकलाच. म्हणून माझा मोबाईल बाईंच्या कानाला लागला. पलीकडे कुणी एक तरुण होता. त्यानं जेवणाचा खर्च विचारला, गॅसचा विचारला, पार्लरमध्ये केस करून घेण्याचा विचारला. बाई उभ्या राहून शाळेतल्या मुलीसारखी उत्तरं देत होत्या. घड्याळ अकराच्या पुढे निघालेलं.

मग त्यांचा आवाज बदलला.

"नाही. ते कमी होणार नाही."

"काय कमी करायला सांगतोय?" वकिलानं विचारलं.

"दशांश. चर्चचा दहावा हिस्सा. म्हणतो, तुमची परिस्थिती बघता..." मग फोनमध्ये, "तरुण मुला, तुझी आई चर्चला जाते का? जाते ना? मग तिला विचार, घर जळत असताना ती देवाचं ताट खिडकीबाहेर फेकेल का?"

"बाई गं!" ओझेला ओरडली. "हो म्हण आणि सोड! घर गेलं तर दहावा हिस्सा कशाचा देशील? फुटपाथचा?"

"मी खोटं बोलणार नाही."

"कोण म्हणतं खोटं बोल? नुसतं हूं म्हण!"

"हूं म्हणजे हो होतं."

वकील घामानं भिजला होता. "मॅम, लिहू दे त्याला. दान चालतं. कायदा दानाला हात लावत नाही, फार होत नसेल तर. त्याला सांगा पुढचा प्रश्न विचार."

कायदा दानाला हात लावत नाही, हे ऐकून बाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. बहुधा तोवर त्यांना वाटत होतं की तेरा लावणं म्हणजे देवाच्या ताटातलं उचलणं. त्यांनी ओझेलाकडे एकवार पाहिलं. ओझेला छताकडे बघत होती.

"तुम्ही दोघं खाली जा," वकील आम्हाला म्हणाला. "लिलाव पुकारणाऱ्याला सांगा अर्ज येतोय. कायद्यानं अर्ज पडला की लिलाव संपला. पण एकदा 'विकलं' म्हणून तो मोकळा झाला आणि कुणा तिसऱ्यानं पैसे मोजले, की ते उलटवायला महिने जातील. माझा हा पाय जिना उतरायचा नाही. अर्ज मी इथूनच संगणकावरून टाकतो, त्याचा नंबर आला की कळवतो."

कसा कळवणार, हे कुणीच विचारलं नाही. फोन वरच राहिला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मोजकी माणसं. बूट चकचकीत असलेला एक दलाल शेंगा सोलत उभा होता, आणखी दोघं-तिघं उन्हाला पाठ करून. पुकारणारा म्हणजे कोट मोठा आणि मान बारीक असा एक तरुण. कंपनीच्या वकिलांनी भाड्यानं पाठवलेला. बाराचा ठोका पडला आणि त्यानं वाचायला सुरुवात केली. अमुक खुंटापासून उत्तरेला तमुक फूट, तिथून पूर्वेला. एखाद्याचं घर विकताना ते कुठे आहे हे इतक्या बारकाईनं सांगतात, जितकं राहणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पहिलं घर विकलं. दलालानं शेंग तोंडात टाकून बोट वर केलं, झालं.

"साहेब," ओझेला पुढे झाली, "यादीतलं तिसरं घर वाचू नका. टिसडेल. त्याचा तेरा लागतोय."

"नंबर?"

"येतोय."

"मॅम, रोज दहा जण सांगतात येतोय. नंबर दिलात तर कोर्टाच्या मशीनला फोन करून बघतो. नंबराशिवाय थांबलो तर माझी नोकरी जाईल."

"मग हळू वाच बाळा. एवढी घाई कसली? जेवायला काय आहे आज?"

"टूना सँडविच," तो म्हणाला, आणि दुसरं घर वाचू लागला. पण थोडं हळू. कुणाची तरी आई त्यालाही असणार.

मी रस्त्यापलीकडे तिसऱ्या मजल्याकडे बघत होतो. काच उन्हात चमकत होती, आत अंधार. दुसरं घर विकलं. पुकारणाऱ्यानं कागद उलटला, घसा साफ केला आणि 'लुवेनिया टिसडेल' हे नाव मोठ्यानं म्हटलं. आयुष्यभर ज्या बाईनं दारात आवाज काढू दिला नाही, तिचं नाव भर रस्त्यात, शेंगांच्या टरफलांवर.

तेवढ्यात खिडकीत पांढरं काही हललं.

हातमोजे. पर्समध्ये त्यांची एक जोडी कायम असे. काळ्या काचेआड काळा हात रस्त्यावरून दिसायचा नाही, एवढं त्या घाईतही बाईंना सुचलं होतं. पांढरा उजवा हात वर झाला. दोन बोटं.

"दोन!" ओझेला म्हणाली. "अरे देवा, नंबर देतेय! साहेब, लिहा, दोन!"

पुढची खूण. उघडा पंजा आणि छातीशी डावा हात.

"सात," ओझेला म्हणाली.

"सहा," मी म्हणालो.

"होरेस, गप्प बस! तुला जन्मात कधी जमलंय का? सात! मग शून्य. चार. एक."

पुकारणाऱ्यानं सुस्कारा टाकला, खिशातून फोन काढला, बटणं दाबली आणि कानाला लावला. दलाल म्हणाला, "अरे, जेवायची वेळ झाली. बोली माझी आहे, चल." पुकारणाऱ्यानं फोन खाली घेतला.

"हा दुसऱ्याच कुणाचा आहे. नाव वेगळं आहे. सॉरी मॅम." त्यानं कागद पुन्हा वर धरला. "पहिली बोली आली आहे. आणखी कुणी?"

ओझेलाच्या तोंडचं पाणी पळालं. रुमालातून एक कर्लर निसटून पायरीवर पडला, तो घरंगळत दलालाच्या बुटापाशी गेला.

"सहा," मी म्हणालो. "साहेब, सहा आहे. मूठ होती. सिस्टर ओझेला, या बाईनं वर्षानुवर्षं मला या एकाच मुठीवरून रडवलंय. मी आंधळा झालो तरी सहा ओळखेन."

"आणखी कुणी?" पुकारणारा म्हणाला, पण त्याची नजर माझ्यावर.

मी खिडकीकडे वळलो आणि आम्हाला सक्त मनाई असलेली गोष्ट केली. डोक्यावर हात नेऊन 'दिसलं नाही' अशी खूण केली. परत मागितली.

खिडकीची जुनी काच करकरत वर गेली. लुवेनियाबाई कमरेपर्यंत बाहेर झुकल्या. ऊन त्यांच्या पांढऱ्या हातांवर पडलं. आणि ज्या बाईनं आपल्या आयुष्यात कुठलीही खूण दोनदा केली नव्हती, तिनं ती पुन्हा केली, अगदी सावकाश, लहान मुलाला शिकवावं तशी. दोन. उजवा पंजा उघडा, डावी मूठ छातीशी, इतकी घट्ट की मोज्याची शिवण ताणलेली दिसली. मग मनगटं आडवी. चार. एक.

"दोन, सहा, शून्य, चार, एक," मी म्हणालो.

"शेवटचं," पुकारणारा म्हणाला आणि बटणं दाबली. दलालानं शेंगा चावणं थांबवलं. मशीन काय बोलत होतं ते मला ऐकू येत नव्हतं. फक्त त्या पोराची बारीक मान दिसत होती, तिच्यातली शीर उडत होती.

"टिसडेल, लुवेनिया," तो सावकाश म्हणाला. "तेरा. आताच दाखल." त्यानं कागद मधोमध दुमडला. "हे घर आज विकलं जात नाही. पुढचं."

दलाल पुटपुटला, "ही काय जादू लावलीय हातवाऱ्यांची?"

"जादू नाही," ओझेला म्हणाली, "दारमंडळ." आणि त्याच्या बुटापासचा कर्लर उचलून तिनं फुंकून केसात लावला.

आम्ही वर गेलो तेव्हा वकील खुर्चीत डोळे मिटून बसला होता. बाई खिडकीपाशी उभ्या. मला वाटलं, रडतील, गळ्यात पडतील.

"पहिल्यांदा चुकीचं कुणी वाचलं?" त्यांनी विचारलं.

"मी," ओझेला म्हणाली.

बाईंनी हातमोजे काढले, एकमेकांत घालून घडी केली. मग ओझेलाच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाल्या, "खिडकीवर ऊन होतं." आणि मग पहिल्यांदा, सरकारी साक्षीदार म्हणून मी आणि वकील लिप्सकोम हजर असताना, त्या खुर्चीत बसल्या. गल्लीतला वाद तिथं मिटला, पण मी ते कुणाला सांगितलं नाही.

रविवारी मी दारात पोचलो तर त्या नव्हत्या. आत बघतो तो मधल्या रांगेत, निळ्या साध्या पोशाखात, इतरांसारख्या बसलेल्या. हातमोजे नाहीत. नियम त्यांनीच केलेला: ज्याचं दिवाळं निघालंय त्यानं ताट धरायचं नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. ऑर्गन सुरू झाला. मुख्य दारावर त्या दिवशी ओझेला होती. कुणी नेमलं ते विचारू नका.

ओझेला बाईंच्या रांगेच्या टोकाशी गेली, डावा हात पाठीमागे, आणि उजव्या हातानं खूण केली. मंडळात त्या खुणेचा अर्थ, दारावर माणूस कमी आहे, या. बाईंनी पाहिलं आणि मान हलवली, नाही.

ओझेलानं तीच खूण पुन्हा केली. दुसऱ्यांदा. सगळ्या चर्चच्या देखत.

खूण दोनदा करावी लागली तर दोष कुणाचा, हे बाईंनीच आम्हाला शिकवलं होतं. त्या क्षणभर बसून राहिल्या. मग उठल्या, निळ्या पोशाखातच रांगेतून बाहेर आल्या, आणि दाराच्या दुसऱ्या फळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ओझेलानं आपल्या पट्ट्यातली हातमोज्यांची जास्तीची जोडी त्यांच्या हातात दिली आणि ओठ न हलवल्यासारखं करून पुटपुटली, "पाच वर्षं कापणार आहेत, मॅडम प्रेसिडेंट. कंबर सांभाळा. आणि हिवाळ्यात हीटरची जागा माझीच आहे, ती मिळणार नाही."

लुवेनियाबाईंनी हातमोजे चढवले, बोटं एकेक नीट बसवली. मग समोर बघत, उजव्या हाताची दोन बोटं ओठांपाशी नेली. आमच्यात त्याचा अर्थ, दारात बोलायचं नाही.